सात नंबरची पेटी

पेटी भरण्याचा पहिला नियम असा, की भरलेली पेटी दोघांनी उचलून हलवली तर आतून आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे आत पोकळी राहिली. पोकळी राहिली म्हणजे बाटली हलणार, आणि हलणारी बाटली कुठल्यातरी घाटात फुटणारच. एकतीस वर्षं मी हे काम केलं. पुण्यातल्या एका प्राणिसंशोधन संस्थेत मी स्टोअरकीपर होतो. हुद्दा स्टोअरकीपरचा, शिक्षण आयटीआयतलं सुतारकाम, आणि प्रत्यक्ष काम म्हणजे शास्त्रज्ञ डोंगरात, जंगलात, समुद्रावर निघाले की त्यांच्या पेट्या बनवायच्या आणि भरायच्या.

वारज्याला आमच्या सोसायटीत अजूनही काही लोकांना वाटतं, की मी साप पकडत होतो. मी सांगतो, "नाही हो, मी सापांचे डबे बनवत होतो." मग त्यांचा रस संपतो आणि विषय पाण्याच्या टँकरवर येतो.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. वटवाघळांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ होते. त्यांना माझ्या भरण्यावर भरवसा नव्हता. त्यांनी स्वतः पेटी भरली, स्टोव्हच्या शेजारी बायकोने दिलेल्या चकल्या ठेवल्या, आणि अख्ख्या चमूने आठ दिवस रॉकेलच्या वासाच्या चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या एका साहेबांना जळवा जिवंत आणायच्या होत्या. त्यांनी माझ्याकडून दोन किलो मीठ भरून घेतलं. मिठाने जळवा मरतात, तर हे मीठ कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मीठ माझ्या पायांसाठी आहे, मेश्राम." असे अनेक. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायचो, की आमच्या पेटीतून आजवर एकही वस्तू हरवली नाही. शास्त्रज्ञ एक-दोन हरवले, पण ते पेटीत नव्हते.

हे वाक्य मी इतक्या वेळा टाकलं आहे, की आता ते लिहितानाही तोंड कडू होतं. गमती इथेच संपवतो. मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही.

संस्थेचं गोदाम हडपसरच्या पुढे, मांजरीच्या रस्त्याला होतं. पत्र्याची मोठी शेड. मी नोकरीला लागलो तेव्हा चहूकडे ऊस होता, निवृत्त झालो तेव्हा चहूकडे बाल्कन्या होत्या. पेट्यांसाठी मी नवं लाकूड कधी घेतलं नाही. जुन्या बाजारातून जुनी दारं, चौकटी आणायचो. पंचवीस-तीस पावसाळे खाल्लेलं सागवान पुन्हा वाकत नाही. पेटीच्या तळाशी आतून आडव्या पट्ट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये बाटल्यांचे खण, आणि उरलेल्या फटींत सुतळ, गोणपाट, जुने कागद. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या पेट्या माझ्याकडे होत्या.

त्या शेडमध्ये पाली भरपूर. आपल्या घरात ट्यूबलाइटमागे असतात त्याच. संध्याकाळी दिवा लावला की चुकचुकाट सुरू व्हायचा. आमच्या शिपायाला त्या झाडूने मारायची हौस होती. मी त्याला मारू द्यायचो नाही. पाली कसर खातात, झुरळं खातात, कापडी जाळ्यांना त्यांचा त्रास काहीच नाही. पेट्यांच्या पट्ट्यांमागे त्यांची अंडी असायची. वाटाण्याएवढी, पांढरी, लाकडाला घट्ट चिकटलेली, बहुतेक जोडीने. ती मी काढत नसे. भंडाऱ्याकडून एकटा आलेला माणूस मी, सुरुवातीची दोन वर्षं त्याच शेडच्या कोपऱ्यात राहिलो. संध्याकाळी कोणाचा तरी आवाज येतो, याचं मला बरं वाटायचं. ते प्रेम तेव्हा जडलं ते जडलंच.

शुभदा मॅडम संस्थेत आल्या तेव्हा माझी बावीस वर्षं झाली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्या डॉक्टर. तिशीच्या आसपास, बुटक्या, बोलणं तुटक, आणि सगळ्यांना अहो-जाहो, अगदी शिपायालाही. त्यांचं काम एका बेटावर होतं. किनाऱ्यापासून होडीने चार तासांवर काळ्या कातळाचं एक बेट, त्यावर दीपगृह, पावसाच्या पाण्याची एक टाकी आणि एक पत्र्याची खोली. बेटाचं नाव लिहीत नाही. नाव छापलं की हौशी लोक बघायला जातात, हे एक कारण. दुसरं, मला लाज वाटते.

त्या बेटावर एक पाल राहते. तिचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे आणि मला आजही ते धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही 'बेटावरची' एवढंच म्हणायचो. सामान खूप होतं, म्हणून पहिल्या फेरीला मॅडमनी मलाही बरोबर घेतलं. तिथे त्यांनी मला ती दाखवली. खिशातून छोटा आरसा काढला, उन्हाची तिरीप कातळाच्या भेगेत टाकली, आणि म्हणाल्या, "काका, बघा. हलू नका." आत अंगठ्याएवढी पाल बसली होती. अंग राखाडी, त्यावर दुधी पट्टे, आणि पिल्लू असल्यामुळे शेपटी नारिंगी. आपल्या घरातल्या पालीकडे बघून कोणी "वा" म्हणत नाही. मी म्हटलं.

"जगात एवढ्या एका बेटावर आहे ही," मॅडम म्हणाल्या. "हा कातळ सोडला तर कुठेही नाही."

"म्हणजे हिची जनगणना सोपी," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सोपी आहे म्हणूनच भीती वाटते. इथे संपली की संपली."

होड्यांमधून बेटावर उंदीर आले होते आणि ते या पालींची अंडी खात होते. मॅडमचं पहिलं काम उंदीर संपवण्याचं. पिंजरे मी बनवले होते. दोन वर्षांत बेटावरचा उंदीर संपला आणि नारिंगी शेपट्या भेगाभेगांत दिसायला लागल्या. मॅडमनी संस्थेत सगळ्यांना पेढे वाटले. मला दोन दिले, म्हणाल्या, एक पिंजऱ्यांचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही बेटावरची पाल मुकी. मॅडमनी कितीतरी संध्याकाळी आवाज टिपायचं यंत्र लावून पाहिलं, हूं की चूं नाही. त्या बेटावर लाटा आणि वारा सोडून दुसरा आवाज म्हणजे दीपगृहाच्या शिंद्यांचा.

शिंदे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. दिवा आता आपोआप लागतो, पण सोलरच्या पाट्या पुसायला आणि बॅटऱ्या बघायला माणूस लागतोच. तो माणूस शिंदे. होडीचा दोर बांधून व्हायच्या आत हे धक्क्यावर कोऱ्या चहाचे कप घेऊन उभे. "आदी च्या, मंग काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना वाचायचा नाद होता. मी पेट्यांच्या फटींत रद्दीऐवजी आदल्या वर्षीचे दिवाळी अंक भरायचो. बाटल्याही शाबूत राहायच्या आणि शिंद्यांचं वर्षही निघायचं. पेटी उघडली की शास्त्रज्ञ उपकरणांवर झडप घालायचे आणि शिंदे फटींतल्या अंकांवर.

उंदीर गेल्यावर मॅडमनी नियम केला. बेटावर आता बाहेरून काहीही जाता कामा नये. मुंगी नाही, गवताचं बी नाही, पाल तर मुळीच नाही. आपली घरातली पाल तिथे पोचली तर ती बेटावरचीला भेगांतून हुसकून लावेल, तिची पिल्लं खाईल. म्हणून प्रत्येक पेटी पूर्ण रिकामी करायची, दिवसभर उन्हात उघडी ठेवायची, सांधे ब्रशने घासायचे, पट्ट्यांमागे बॅटरी मारून बघायचं, मग भरायची आणि चिकटपट्टीने बंद करायची. प्रत्येक पेटीमागे एक छापील कागद. 'रिकामी करून आतून तपासली', आणि खाली सही. सही स्टोअरकीपरची.

तो कागद माझ्या हातात आला तेव्हा दुसऱ्या मोठ्या फेरीच्या बाराच्या बारा पेट्या भरून तयार होत्या. दोन दिवस खपून भरल्या होत्या. एकीतूनही आवाज येत नव्हता. आता त्या सगळ्या उपसायच्या, उन्हात मांडायच्या आणि पुन्हा भरायच्या, तेही एका मुलीने पाठवलेल्या कागदावरून. हो, मुलगीच म्हणालो मी मनात, एरवी मॅडम म्हणत असलो तरी. मला वाटलं, चोवीस-पंचवीस वर्षं पेट्या भरणाऱ्याला हे आता पेटी झाडायला शिकवणार. टेबलावर चहा आला होता. मी बारा सह्या ठोकल्या. चहा गार व्हायच्या आत संपल्या.

हे एवढंच असतं तर आळस म्हणून सोडून देता आलं असतं. पण सात नंबरच्या पेटीची एक पट्टी सैल झाली होती, ती मी आठवड्यापूर्वी पुन्हा ठोकली होती. ठोकताना पट्टीमागे दोन अंडी दिसली होती. नेहमीप्रमाणे मी ती राहू दिली आणि हातोडीचे घाव जरा बेताने घातले. सही करताना ती अंडी मला आठवली नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवली. मी स्वतःला सांगितलं, ट्रकमध्ये, होडीत आदळआपट होणार, टिकतात कुठली.

त्या फेरीला मी गेलो नाही, पेट्या गेल्या. रिकाम्या पेट्या तिथल्या पत्र्याच्या खोलीत ठेवून सगळे परत आले. त्याच होडीतून सुट्टीहून परतणारे शिंदे बेटावर गेले होते, घरून आपला लहानसा सागवानी देव्हारा घेऊन. त्यांच्या वडिलांच्या वेळचा. आत जोतिबाचा टाक.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी बेटावर गेलो. चहा झाला. मॅडम तंबू घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या, तीन दिवसांनी येणार होत्या. दिवेलागणीला मी आणि शिंदे खोलीत बसलो होतो. ते मुलीच्या लग्नाचं सांगत होते. "स्थळ चांगलं हाय. जमंल असं वाटतंय," ते म्हणाले, आणि वर पत्र्याखाली पाल चुकचुकली.

शिंद्यांनी लगेच बोटाने जमिनीवर टकटक केलं आणि "कृष्ण कृष्ण" म्हणाले. त्यांच्या घरी ती पद्धत. बोलता बोलता पाल बोलली की बोललेलं खरं होतं. "बगा, पाल बी म्हनली. आठ दिस झालं, रोज येतोय आवाज. इतकी वर्सं हितं काडली, पन आत्ता कुठं घरागत वाटाया लागलंय."

मराठीत शंकेची पाल चुकचुकते असं म्हणतात. माझ्या मनात शंका वगैरे काही नव्हती. तो आवाज मी मांजरीच्या शेडमध्ये रोज ऐकला होता. शिंदे दिवा बघायला वर गेले तेव्हा मी बॅटरी घेऊन सात नंबरची पेटी उलटी केली. पट्टीमागे दोन टरफलं होती. पांढरी, वरून फुटलेली, आतून स्वच्छ. मी ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली, शर्टाच्या खिशात घातली, आणि धक्क्यावर जाऊन समुद्रात टाकली.

त्या तीन दिवसांत मी चपलेने पाल मारायचा प्रयत्न केला. ज्या पाली मी कधी कोणाला मारू दिल्या नव्हत्या, त्यांच्यामागे मी स्टुलावर चढून धावत होतो. एक सापडली आणि निसटली. शेपटी तेवढी जमिनीवर वळवळत राहिली. चौथ्या दिवशी मॅडम आल्या. उन्हाने काळवंडलेल्या, खूश. त्यांच्या वहीत पिल्लांच्या नोंदी होत्या. मी काही बोललो नाही. त्या दिवशी दुपारच्या भरतीला होडी निघाली आणि मी परत आलो.

का बोललो नाही? बारा सह्या होत्या हे खरं. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. माझ्या पेटीतून कधी काही हरवत नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो. आता माझ्या पेटीतून जास्तीचं काहीतरी निघालं होतं, आणि हे कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. पुण्यात एवढी वर्षं काढून मी दुसऱ्यांच्या चुकांवर टोमणे मारायला उत्तम शिकलो होतो.

त्याच्या पुढच्या वर्षी मॅडम, मी आणि शिंदे संध्याकाळी त्याच खोलीबाहेर बसलो होतो. चहा पिता पिता मॅडमचा कप हवेत थांबला.

"काका, ऐकलंत?"

"काय?" मी म्हटलं.

शिंदे उत्साहाने म्हणाले, "पाल हाय मॅडम, आपली घरची. लई झाल्यात आता. दिव्यापाशी गोळाच होत्यात."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या बॅटरी घेऊन दीपगृहाभोवती फिरल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. खोलीच्या भिंतींवर, टाकीवर, दिव्याच्या खांबावर सगळीकडे आपली घरातली पाल होती. दीपगृहाजवळच्या भेगांत बेटावरची एकही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. रागावल्या नाहीत. गेल्या दोन वर्षांत बेटावर कोणी काय आणलं, एवढंच विचारलं.

"पेट्या?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "पेट्या तपासलेल्या होत्या. सह्या आहेत."

मी मान हलवली.

शिंदे उठले, खोलीत गेले आणि देव्हारा उचलून घेऊन आले. "ह्यो आनलाय मी," ते म्हणाले. मॅडमनी देव्हारा पालथा करून बघितला. मागे फट होती. अंडी नव्हती, पण असायला जागा होती. "तुमची चूक नाही शिंदे," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्हाला नियम कोणी सांगितलाच नव्हता." त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं, पण शिंद्यांपुरता निकाल लागला.

दुपारी शिंदे माझ्याशेजारी येऊन बसले. चहा आणला नव्हता. मग म्हणाले, "मेश्राम, तुमी लाकडाचं मानूस. खरं सांगा. माज्या देव्हाऱ्यातनं आली असंल का वो?"

मी म्हटलं, "असेल."

एकतीस वर्षांत मी किती शब्द बोललो असेन, त्यातला हा एक मला परत घ्यायचा आहे. शिंद्यांनी टाक काढून खिशात ठेवला, देव्हारा धक्क्यावर नेला आणि पाण्यात सोडला. सागवान जुनं होतं, लवकर बुडालं नाही. लाटा तो परत परत कातळाकडे आणत होत्या आणि शिंदे बांबूने तो लांब ढकलत होते. मी बघत उभा होतो. त्यानंतर बेटावर असेपर्यंत ते रोज संध्याकाळी काठीला चिकट फडकं गुंडाळून दिव्याभोवती पाली मारत फिरायचे. आवाज आला तर टकटक करणं त्यांनी बंद केलं. पुढे त्यांनी मुदतीआधीच काम सोडलं आणि गावी गेले.

बेटावरच्या पालींच्या थोड्या जोड्या मॅडमनी पुण्याला आणल्या. न जाणो, तिथे संपल्याच तर. त्यांची घरं मी बनवली. काचेची, लाकडाचा एक कपटाही न वापरता, आत बेटावरूनच आणलेला काळा कातळ. शेवटची तीन वर्षं मी रोज सकाळी सगळ्यात आधी त्या खोलीत जायचो. पहिलं पिल्लू निघालं त्या दिवशी मॅडम रडल्या. मीही रडलो, आणि त्यांना वाटलं दोघांचं कारण एकच आहे. माझ्या निरोपसमारंभाला त्यांनी त्या नारिंगी शेपटीच्या पिल्लाचा मोठा फोटो चौकटीत घालून दिला आणि भाषणात म्हणाल्या, या पालीसाठी मेश्राम काकांनी जे केलं ते फार थोड्यांना माहीत आहे. टाळ्या पडल्या. मी खाली बघत होतो, लोकांना तो विनय वाटला.

तो फोटो मी घरी आणून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन वर्षं तो तसाच. बायकोने एक दिवस झाडताना तो काढला आणि विचारलं. तिला मी सगळं सांगितलं. कुंदाने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले सांगून काय होते? मी कोन्त्या पालीची कोन?" तिचं म्हणणं बरोबर होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, कुठली पेटी, कुठली फेरी, किती अंडी, आवाज पहिल्यांदा कोणत्या महिन्यात ऐकला. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. शेवटी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही ऐकलात तेव्हा तिथे दोन असतील, फार तर चार. त्या दिवशी मला बोलावलं असतंत तर एका संध्याकाळचं काम होतं, काका." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आता बेटावरच्या फक्त पलीकडच्या टोकाच्या कातळावर उरल्यात. दरवर्षी आमची चार माणसं दोन-दोन महिने घरातल्या पाली पकडतात, आणि तरी त्या पुढे सरकतातच."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "शिंद्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलात?"

शिंद्यांचं गाव साताऱ्यापासून एसटीने तासाभरावर आहे. ते ओसरीवर बसले होते. केस पूर्ण पांढरे. मला बघून उठले, पाठीवर थाप मारली, आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. आत देवांची जागा दिसत होती. लोखंडी कपाटावर स्टीलच्या ताटात टाक ठेवलेला, लाकूड म्हणून काही नाही. पाणी पिऊन झाल्यावर मी सांगितलं. सात नंबरची पेटी, दोन अंडी, बारा सह्या, टरफलं, आणि 'असेल'.

शिंद्यांनी बोटाने धोतराची गुडघ्यावरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "म्हंजी देव्हारा मी उगाच बुडिवला."

"हो," मी म्हटलं.

ते आत गेले आणि नातीच्या वहीचं एक पान आणि पेन घेऊन आले. "लिवून द्या. देव्हाऱ्यातनं पाल आली न्हवती. गावात समद्यास्नी सांगून बसलोय, माज्यापायी झालं म्हून. बायकू अजून म्हनती, बापाचा देव्हारा बुडिवल्यावर चांगलं काय व्हनार."

मी लिहिलं. त्यांनी वाचायला सांगितलं, मी मोठ्याने वाचलं. ते म्हणाले, "आली कुठनं, ते बी लिवा." मी लिहिलं, सात नंबरच्या पेटीतून, पेटी न उघडता मी सही केली होती. तेही वाचून दाखवलं. मग खाली सही केली. बारा सह्यांना लागला नव्हता एवढा वेळ त्या एका सहीला लागला. शिंद्यांनी कागदाची घडी घातली आणि देवांच्या ताटाखाली ठेवली.

"ऱ्हायल्यात का अजून त्या? बारक्या, शेपटी नारिंगी असायची त्या?"

"आहेत," मी म्हटलं. "पलीकडच्या टोकाला थोड्या."

त्यांनी मान हलवली. आत कपबशांचा आवाज झाला, त्यांनी आत वळून हाताने नको म्हणून खूण केली. होडीचा दोर बांधायच्या आत हातात कप देणारा हा माणूस. मी चपला घातल्या, थोडा वेळ पायरीवर उभा राहिलो, आणि एसटीच्या थांब्याकडे निघालो. चहाचं त्यांनी विचारलं नाही.